अंदमान-निकोबारचे सर्पगरुड : प्रजाती किती, उपप्रजाती किती, आणि हे ठरवतं कोण?

सागरगोटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांची मराठी यादी करायला घेतलीय. बाकी गाडी बरी चालली होती, सर्पगरुडांपाशी येऊन रुतली.

हिशेब असा आहे. अंदमानात दोन सर्पगरुड राहतात. एक काळपट तपकिरी, स्पिलॉर्निस एल्गिनी. त्याला स्वतंत्र प्रजाती मानण्याबद्दल फारसा वाद दिसत नाही. दुसरा फिकट, डेव्हिसोनाय. हा मात्र मुख्य भूमीवरच्या तुरेवाल्या सर्पगरुडाची, म्हणजे स्पिलॉर्निस चीलाची, उपप्रजाती. टेन डिग्री चॅनल ओलांडून खाली गेलं की मध्य निकोबारच्या बेटांवर, कामोर्टा-नानकौरीकडे, मिनिमस. बहुतेक याद्यांत तो चीलाची उपप्रजाती आहे, पण त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणणारी पुस्तकंही आहेत. आणखी खाली ग्रेट निकोबारला क्लॉसाय, जेमतेम चाळीस सेंटीमीटरचा, जगातल्या सगळ्यांत लहान गरुडांपैकी एक. हा प्रजाती. त्यात भर म्हणजे काही जुन्या याद्यांत मिनिमस आणि क्लॉसाय मिळून एकच प्रजाती केलेली आहे.

मिनिमस आणि क्लॉसाय यांच्यामध्ये पन्नासेक किलोमीटरचा समुद्र. मग एक उपप्रजाती आणि दुसरा प्रजाती, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? मी यादीत चार ओळी लिहू, तीन लिहू की दोन?

खवचट_कावळा

सोपं आहे हो. ज्याला लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या प्रजाती, वाढवायचे आहेत त्याच्यासाठी चार, ज्याला पुस्तक पातळ ठेवायचंय त्याच्यासाठी दोन. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, येऊ द्या.

दुर्बीणवाला

सागरगोटा, प्रश्न झकास आहे. अर्धं उत्तर तुमच्या पहिल्याच परिच्छेदात दडलंय.

प्रजातीची शाळेत शिकलेली व्याख्या अर्न्स्ट मायर यांची, १९४२ सालची. आपापसात प्रजनन करणारे आणि इतर अशा गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेले नैसर्गिक गट, म्हणजे प्रजाती. एकाच रानात दोन्ही पक्षी राहत असतील तर ही व्याख्या उत्तम चालते. शेजारी राहूनही जोड्या जमत नाहीत, दोघांची पिल्लं आपापल्या वळणावर जातात, तर निकाल लागला. निसर्गानेच परीक्षा घेतलेली असते, आपण फक्त निकाल वाचायचा.

बेटावर ही परीक्षाच होत नाही. मधे समुद्र. ग्रेट निकोबारचा गरुड आणि मुख्य भूमीवरचा गरुड कधी भेटतच नाहीत, मग भेटले असते तर काय झालं असतं याचा अंदाज करायचा. बेटांवरच्या पक्ष्यांचे सगळे वाद या एका "तर"भोवती फिरतात.

आता अंदमान बघा. तिथे एल्गिनी साधारण आतल्या जंगलात आणि डेव्हिसोनाय किनाऱ्याकडे, खारफुटीच्या बाजूला. दोन्ही त्याच बेटांवर, तरीही वेगळे राहिलेत. म्हणून एल्गिनीबद्दल भांडण नाही. एडवर्ड ब्लाइथने १८६३ साली त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं आणि ते टिकलं. क्लॉसायच्या बेटावर दुसरा सर्पगरुड नांदत नाही. त्यामुळे तिथे साक्षीदारच नाही.

टिटवी

दुर्बीणवाला, पटलं, पण एक फट राहतेय. अंदमानात दोघं एकत्र राहतात यावरून एवढंच सिद्ध होतं की एल्गिनी आणि डेव्हिसोनाय एक नाहीत. डेव्हिसोनाय हा चीलाच आहे हे कुठे सिद्ध झालं? तो आणि मुख्य भूमीवरचा पक्षीही कधी भेटत नाहीत. म्हणजे फिकट असलेल्याला आपण "आपल्यातला" म्हणतोय ते दिसण्यावरून.

हॉक-आऊल या घुबडांचंही तेच. अंदमानात निनॉक्स अफिनिस आणि निनॉक्स ऑब्स्क्युरा दोन्ही आहेत, त्यामुळे ते एकमेकांपासून वेगळे यात शंका नाही. पण ऑब्स्क्युरा हा मुख्य भूमीवरच्या स्कुट्युलाटापासून वेगळा आहे का, या प्रश्नाला अफिनिसची साक्ष उपयोगाची नाही. पूर्वी त्याला स्कुट्युलाटाची उपप्रजाती म्हणत, आता प्रजाती म्हणतात.

दुर्बीणवाला

टिटवीताई, अगदी बरोबर पकडलंत. दोन लाटांचा अंदाज इथे बांधता येतो. पहिल्यांदा आलेले पक्षी बेटावर राहून बदलले, मग बऱ्याच काळाने मुख्य भूमीवरून दुसरी खेप आली. तोवर पहिले इतके बदलले होते की दुसऱ्यांशी मिसळले नाहीत. कॅनरी बेटांवर चॅफिंच या छोट्या पक्ष्याचं असं झालेलं मानतात. टेनेरीफवर निळा चॅफिंच उंचावरच्या पाइनच्या जंगलात आणि साध्या चॅफिंचचा भाऊबंद खालच्या दमट जंगलात. त्यातला दुसरा आला तो अलीकडे, म्हणून मुख्य भूमीवरच्याच्या जवळचा दिसतो. पण "जवळचा" म्हणजे "तोच" नव्हे, हे खरं. २०२१ च्या सुमारास अझोर्स, मादेइरा आणि कॅनरीच्या साध्या चॅफिंचनाही तीन वेगळ्या प्रजाती केलं गेलं.

अनभिज्ञ_पाखरू

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न : पिंजऱ्यात एकत्र ठेवून बघत का नाहीत, पिल्लं होतात का ते?

दुर्बीणवाला

पिंजऱ्यात सिंह आणि वाघाचीही पिल्लं होतात. पर्यायच नसेल तर प्राणी कुणाशीही जोडी लावतो. प्रश्न असा आहे की मोकळं रान आणि निवड असताना तो कुणाला आपलं मानतो. बदकांच्या तर कितीतरी प्रजाती पिंजऱ्यात काय, तळ्यातही संकर करतात. म्हणून त्यांना कुणी एक केलेलं नाही.

कपाटातली_पाखरं

मी संग्रहालयात पक्ष्यांच्या जतन केलेल्या जुन्या कातड्यांवर काम करते, त्या बाजूने लिहिते.

हा सगळा इतिहास तीन पिढ्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकात ह्यूम, ब्लाइथ वगैरे पक्षीतज्ज्ञ मंडळी बेटावरचा नमुना हातात आला की सरळ नवी प्रजाती म्हणून नाव देत. अंदमानचं गव्हाणी घुबड घ्या. ह्यूमने १८७५ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिलं, देरोप्स्टॉर्फी. विसाव्या शतकात तीन शब्दी नावांची पद्धत रुळली आणि अशी शेकडो बेटवासी पाखरं मोठ्या प्रजातींच्या पोटात गेली. देरोप्स्टॉर्फी झालं टायटो आल्बाची उपप्रजाती. मायर स्वतः याच विचाराचे, पॅसिफिक बेटांवरच्या पक्ष्यांचे त्यांनी मोठाले गट बांधले. आता गेल्या काही दशकांत लाट उलटी फिरली आणि तेच घुबड पुन्हा प्रजाती झालं. पक्षी दीडशे वर्षं तिथेच बसलाय.

या तीन निकालांपैकी मधला सगळ्यांत कमी तपासलेला. एखादा गट दुसऱ्यात घालताना पुष्कळदा कारणच लिहिलेलं नसतं. यादीत नाव एक पायरी आत सरकवलं की झालं. त्यामुळे "आधी उपप्रजाती होती, आता उगाच फोडली" अशी तक्रार ऐकली की मला आधी विचारावंसं वाटतं, उपप्रजाती केली तेव्हा काय पुरावा दिला होता?

आता कपाटातलं काम कसं चालतं ते सांगते. ट्रे बाहेर काढला की कातड्या पोट वर करून ओळीने ठेवलेल्या असतात, पायाला दोऱ्याने लेबल. पंख मोजायचा तो मनगटाच्या सांध्यापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंत, पट्टीला पंख सपाट दाबून. इथेच दोन माणसांच्या मापात फरक पडतो, कारण एक जण दाबतो, दुसरा पंखाची नैसर्गिक कमान तशीच ठेवतो. म्हणून तुलना करायची तर सगळे नमुने एकाच हाताने मोजलेले बरे. चोच आणि पायाची नळी कॅलिपरने. लेबलवर नर-मादी लिहिलेलं असेल तर बघायचं, आणि ते चुकीचंही असू शकतं हे धरून चालायचं. शिकारी पक्ष्यांत मादी बहुधा मोठी. एका बेटाचे नमुने योगायोगाने सगळे नर आणि दुसऱ्याच्या सगळ्या माद्या निघाल्या, तर फरक बेटाचा की लिंगाचा?

रंगाची गंमत आणखी वेगळी. जुनी कातडी वर्षानुवर्षं कपाटात राहून तांबूस होत जाते. ताजा नमुना आणि शंभर वर्षांचा नमुना शेजारी ठेवले तर एकाच जंगलातले पक्षी दोन उपप्रजातींसारखे दिसतात. "बेटावरचा जास्त तपकिरी" असं वाचलं की आधी लेबलवरची तारीख बघावी.

सागरगोटा

कपाटातली_पाखरं, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवून ठेवलाय. निकोबारच्या स्कॉप्स घुबडाचंही कपाटातूनच बाहेर आलं ना काहीतरी?

कपाटातली_पाखरं

हो. ओटस एलियस. हुमायून अब्दुलाली यांनी ग्रेट निकोबारला गोळा केलेले नमुने होते, आधी दुसऱ्याच नावाखाली ठेवलेले. पामेला रासमुसेन यांनी ते पुन्हा तपासले आणि १९९८ मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं, मोजक्या दोन नमुन्यांवरून. अशा वेळी सरासरी वगैरे काढायला वावच नसतो. पिसांवरची नक्षी, पायावर पिसं कुठपर्यंत उतरतात, अशा गोष्टींवर भिस्त.

टिटवी

आता आकड्यांकडे येते. हल्ली बेटांच्या बाबतीत पुष्कळ निकाल ज्या गुणपद्धतीने लागले ती २०१० मध्ये टोबायस आणि सहकाऱ्यांनी मांडली. कल्पना हुशार आहे. जे पक्षी खरोखर शेजारी राहूनही मिसळत नाहीत, अशा नक्की प्रजाती असलेल्या जोड्या घ्यायच्या. त्यांच्यात किती फरक असतो ते मोजायचं. मग बेटावरच्या पक्ष्याचा मुख्य भूमीवरच्यापासूनचा फरक त्या मापाने तोलायचा. किरकोळ फरकाला १, मध्यमाला २, मोठ्याला ३, अतिशय मोठ्याला ४. बेरीज ७ झाली की प्रजाती.

वाटेल तेवढे गुण जमवता येत नाहीत. मोजमापांतून दोनच घ्यायचे, सर्वांत मोठी वाढ आणि सर्वांत मोठी घट. आवाजातून दोन, एक वेळेशी संबंधित आणि एक स्वराच्या उंची-खोलीशी. पिसांचे तीन. वागणूक किंवा अधिवासाचा एक. मधे संकराचा पट्टा असेल किंवा दोघांच्या हद्दी भिडत असतील तर त्याचेही गुण असतात, पण समुद्र मधे असेल तर शून्य.

हिशेब करून दाखवते, आकडे काल्पनिक. समजा मुख्य भूमीवरच्या गरुडाचा पंख सरासरी ३८० मिलिमीटर, बेटावरच्याचा ३३०, आणि दोन्हीकडे प्रमाण विचलन (मापं सरासरीभोवती किती पसरलीत त्याचा आकडा) १२. सरासरीतला फरक ५०. भागिले १२, म्हणजे सुमारे ४.२. या पद्धतीत २ ते ५ मध्ये आलेला फरक "मध्यम", म्हणजे २ गुण. बघा, नुसत्या डोळ्यांनीही लहान दिसणारा पक्षी, आणि त्याचे मिळाले दोनच. छातीचा रंग ठळकपणे वेगळा, धरा ३. शेपटीच्या पट्ट्याची रुंदी थोडी वेगळी, १. बेरीज सहा. आवाजाचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही, म्हणून तिथे शून्य. निकाल : उपप्रजाती.

खवचट_कावळा

म्हणजे तोंडी परीक्षा घेतलीच नाही म्हणून एका मार्काने नापास. गरीब बिचारा गरुड.

टिटवी

हसू नका, या पद्धतीची खरी अडचण तीच आहे. ज्याच्याबद्दल माहिती कमी, तो आपोआप उपप्रजाती ठरतो. दुर्गम बेटावरचा पक्षी दुर्गम असल्यामुळेच मार खातो. तरी मी या पद्धतीच्या बाजूची आहे, कारण भांडायला निदान काहीतरी हातात मिळतं. "मला वेगळा वाटतो" याच्याशी भांडता येत नाही. "छातीला ३ दिलेत, मी २ देईन" याच्याशी येतं.

गुणसूत्र

आणि या पद्धतीत डीएनए मोजतच नाहीत हे सांगायचं राहिलं. ही माझी मुख्य तक्रार.

दुर्बीणवाला

मग डीएनएने प्रश्न सुटतो असं म्हणायचंय का?

गुणसूत्र

सुटतो असं नाही म्हणत. पण डीएनए न बघता निकाल देणं म्हणजे अर्धी फाईल न उघडता सही करणं. डीएनएचेही घोळ आहेत, ते मीच सांगतो, नाहीतर तुम्ही सांगाल.

पहिला घोळ. दहा लाख वर्षांत किती टक्के फरक, असा मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा ढोबळ हिशेब लोक करतात आणि मग "दोन टक्क्यांच्या वर प्रजाती" असं ठोकून देतात. अशी रेषा निसर्गात नाही. युरोपातला काळा कावळा आणि राखी-काळा कावळा घ्या. जनुकसंच जवळजवळ सारखा, फरक थोड्याच जागी एकवटलेला, आणि तरी दोघांच्या मधला संकराचा पट्टा अरुंद राहिलाय. त्यांना एक म्हणायचं की दोन यावर याद्यांमध्ये मतभेद होत आलेत.

दुसरा घोळ बेटांचाच आहे. बेटावर पक्षी थोडे. थोड्या पक्ष्यांत निव्वळ नशिबाने काही जनुकं पुसली जातात, काही सगळ्यांत पसरतात. त्यामुळे वंशवृक्ष काढला की बेटावरचे पक्षी झटपट स्वतःच्या वेगळ्या फांदीवर बसलेले दिसतात. फांदी वेगळी दिसते म्हणून प्रजाती, असं म्हटलं तर प्रत्येक खडकावर एक प्रजाती निघेल. फांदीवरून इतिहास कळतो. आज ते एकमेकांना ओळखतील का, हे फांदी सांगत नाही.

तिसरं म्हणजे रंग. सॉलोमन बेटांमध्ये माकिरावर एक मोनार्क फ्लायकॅचर आहे, पोट तांबूस. शेजारच्या सांता आना आणि उगी या छोट्या बेटांवर तोच पूर्ण काळा. दोन्ही बेटांवरचे काळे एकसारखे दिसतात, पण काळेपणा आला वेगवेगळ्या जनुकांतल्या बदलांनी, एकीकडे एमसी१आर आणि दुसरीकडे एएसआयपी. म्हणजे डोळ्यांना प्रचंड दिसणारा फरक मुळात इवलासा.

टिटवी

पण तिथेच ते नर काळ्या आणि तांबूस पुतळ्यांना सारखा प्रतिसाद देत नाहीत ना? आपल्या रंगाच्या घुसखोरावर जास्त चवताळून जातात. जनुक एक असेल, पक्ष्याला तो फरक मोठा वाटतो. मग जनुकं मोजायची की पक्ष्याचं मत विचारायचं?

गुणसूत्र

दोन्ही. पण क्रम लावायचा तर पक्ष्याचं मत आधी, मान्य.

ओहोटी

पक्ष्याचं मत विचारायची रीत म्हणजे प्लेबॅक. बेटावरच्या नराच्या हद्दीत मुख्य भूमीवरच्या नराचं गाणं वाजवायचं. तो स्वतःच्या जातभाईवर जसा धावून येतो तसा आला तर त्याच्या लेखी दोघं एकच. ढिम्म बसून राहिला तर वेगळे. ग्रान कॅनेरियाच्या निळ्या चॅफिंचबाबत गाणं, मोजमापं, डीएनए, अगदी शुक्रजंतूंची लांबीसुद्धा तपासली. सगळ्यांचा कौल एकाच दिशेला आला आणि २०१६ च्या आसपास टेनेरीफच्या पक्ष्यापासून तो वेगळी प्रजाती झाला. असे पक्ष्याच्या बाजूचे सगळे पुरावे एकत्र यावे असं नशीब सगळ्यांचं नसतं.

(अवांतर : हे वाचून कुणी मोबाईलवर आवाज वाजवत जंगलात फिरू नका. विणीच्या काळात नर घरटं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. हे काम परवानगी घेऊन, ठरवलेल्या मर्यादेत करायचं असतं.)

कपाटातली_पाखरं

त्यात एक पोटभेद आहे. गाणारे छोटे पक्षी गाणं शिकतात. बाप-शेजाऱ्यांचं ऐकून. त्यामुळे बेटावर बोली बदलायला फार काळ लागत नाही आणि नुसत्या बोलीवरून प्रजाती म्हणणं धाडसाचं. घुबडं, गरुड, कबुतरं यांचा आवाज मात्र जन्मजात. तिथे हाकेत स्पष्ट फरक सापडला तर त्याला जास्त वजन द्यावं. सर्पगरुडांच्या बाबतीत म्हणूनच मला मापांपेक्षा आवाजात जास्त रस आहे.

मापांबद्दल आणखी एक. बेटावर आकार बदलणं ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन बेटावरचा सिल्व्हरआय हा छोटा पांढऱ्या चष्म्याचा पक्षी काही हजार वर्षांत मुख्य भूमीवरच्यापेक्षा बराच भारी झाला, तरी तो उपप्रजातीच आहे. क्लॉसाय उलट दिशेने गेला, लहान झाला. नुसतं "लहान आहे" हे क्लॉसायला प्रजाती म्हणण्यासाठी मला पुरलं नसतं. पण त्याच्या अंगावरची नक्षी आणि खालच्या बाजूचा रंगही निराळा आहे, त्यामुळे तिथे माझं मत प्रजातीकडे झुकतं. मिनिमस मला मधला वाटतो.

खवचट_कावळा

"मधला" हा कुठल्या यादीतला दर्जा?

कपाटातली_पाखरं

कुठल्याच नाही, आणि दुखणं तिथेच आहे. यादीला दोनच कप्पे आहेत. पक्षी वेगळे होण्याची क्रिया लाखो वर्षं चालते, आपण तिच्या मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर येऊन विचारतो, झालात की नाही?

दुर्बीणवाला

लाखो वर्षं लागतातच असंही नाही. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर १९८१ साली दुसऱ्या बेटावरचा, एस्पान्योलाचा, एक मोठा नर फिंच येऊन पोचला. त्याने स्थानिक मादीशी जोडी केली. त्याचं गाणं वेगळं, चोच वेगळी. पुढच्या काही पिढ्यांतच त्याचे वंशज फक्त आपापसात जोड्या लावायला लागले. ग्रँट हे संशोधक पती-पत्नी तिथे दरवर्षी पक्ष्यांना कडी घालून नोंदी ठेवत होते म्हणून हे कळलं. त्या वंशाला "बिग बर्ड" असं टोपणनाव आहे, अधिकृत प्रजातीचं नाव नाही. मायरच्या व्याख्येने तो स्थानिक फिंचपासून अलग, आणि यादीत त्याला जागा नाही.

सागरगोटा

मंडळी, जबरदस्त चाललंय. पण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला : ठरवतं कोण? सरकार? बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी)?

टिटवी

सरकार नाही, आणि कुठलं न्यायालयही नाही. कुणीतरी शोधनिबंध लिहितं, मग याद्या ठेवणाऱ्या समित्या तो स्वीकारतात किंवा नाही. वर्षानुवर्षं जगात चार मोठ्या याद्या होत्या : क्लेमेंट्स, आयओसी, बर्डलाइफची आणि हॉवर्ड-मूर. चौघांची चार मतं, म्हणून तुमच्या पुस्तकात एक आणि ॲपवर दुसरं. २०२५ च्या जूनमध्ये ॲव्हीलिस्ट नावाची एकत्रित यादी आली, ११,१३१ प्रजातींची. त्यामुळे गोंधळ कमी होईल, पण एक यादी म्हणजे एक सत्य नव्हे. तिथेही समितीने मतदान करूनच ठरवलेलं आहे, आणि ती पुढेही बदलत राहणार.

खवचट_कावळा

मतदान! म्हणजे प्रजातीसुद्धा निवडून येतात. आणि घरबसल्या खुर्चीत माझे लायफर वाढतात, कमी होतात. छान.

ओहोटी

कावळेदादा, लायफर गेले चुलीत. याचा परिणाम जमिनीवर होतो म्हणून मी बोलते.

धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत पक्ष्यांचं मूल्यमापन प्रजातीच्या पातळीवर होतं. चीला मुख्य भूमीवर भरपूर, म्हणून "चिंता नाही" गटात. त्याच्या पोटात मिनिमस असेल तर मिनिमसची चिंता कुणीच करणार नाही, मूठभर बेटांवर राहणारा असूनही. दर्जा बदलला की रातोरात तो धोक्यातला पक्षी होऊ शकतो.

गालापागोसमध्येच याचं वाईट उदाहरण आहे. सान क्रिस्तोबाल बेटावर शेंदरी फ्लायकॅचरचा एक छोटा प्रकार होता. उपप्रजाती म्हणून धरलेला. शेवटची नोंद १९८७. डीएनएवरून त्याला स्वतंत्र प्रजाती ठरवलं ते २०१६ मध्ये. म्हणजे प्रजाती म्हणून त्याची जी पहिली ओळख झाली ती नामशेष प्रजाती म्हणून.

गुणसूत्र

हे ऐकून मला उलटी भीती वाटते. वाचवायचंय म्हणून प्रजाती म्हणा, असा दबाव वर्गीकरणावर आला की वर्गीकरणाला अर्थ उरत नाही. नवी पाखरं न सापडता प्रजातींची संख्या फुगत जाते, आणि मग धोरणकर्ते म्हणतात, तुमचं रोज बदलतंय, आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?

ओहोटी

दबाव आणू नका, मान्य. मग कायद्यानेच उपप्रजातीलाही संरक्षण द्यावं. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात "प्रजाती" या शब्दात उपप्रजातीही मोडते. त्याहून जुनी गोष्ट ऐका. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरचा रेन पक्षी १८८४ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून जाहीर झाला. लगेच संग्राहकांची झुंबड, कातड्या आणि अंडी. १९०४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास सेंट किल्डाच्या पक्ष्यांसाठी कायदा केला. पुढे तो रेन उपप्रजाती ठरला, आजही उपप्रजातीच आहे, आणि आजही तिथे आहे.

आपल्याकडे मेगापोड बघा, ढिगात अंडी घालणारा पक्षी. निकोबारचा मेगापोड प्रजाती म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. पण त्याच्या दोन उपप्रजाती आहेत, मध्य निकोबारची निकोबारिएन्सिस आणि दक्षिणेची अबॉटी. २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरचे त्यांचे घरट्यांचे ढीग वाहून नेले. गलाथिया खाडी हे अबॉटीचं विणीचं ठिकाण, आणि तिथल्या अभयारण्याची अधिसूचना २०२१ मध्ये मागे घेतली गेली. "मेगापोड इतर बेटांवर आहेच की" असं म्हणणं सोपं असतं. इतर बेटांवर आहे तो कुठला, हे विचारायला तरी उपप्रजातीचा कागद लागतो.

अनभिज्ञ_पाखरू

हा कोन डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद ओहोटीताई.

दुर्बीणवाला

सागरगोटा, तुमच्या यादीपुरतं सांगतो. चारही ओळी लिहा. प्रत्येक बेटावरचा प्रकार वेगळ्या ओळीत, पुढे एक रकाना "दर्जा" आणि त्यात कुठली यादी काय म्हणते ते. पक्षी बघणाऱ्याने नोंद करतानाही बेटाचं नाव लिहावं. उद्या फोडाफोड झाली किंवा जोडाजोड झाली तरी नोंद वाया जात नाही. नुसतं "सर्पगरुड, निकोबार" लिहिलेली नोंद मात्र कुणालाच उपयोगाची नाही.

सागरगोटा

हे पटलं, तसंच करतो. "दर्जा" रकान्यात वर्षही लिहीन. मिनिमसबद्दल आणखी काही मिळवता येईल का? कुणी गेलंय का कामोर्ट्याला?

कपाटातली_पाखरं

निकोबारची बहुतेक बेटं १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली येतात, पास मिळाल्याशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नोकरीनिमित्ताने तिथे राहून आलेले, सर्वेक्षणांत सहभागी झालेले लोक आहेत. त्यांच्या फोनमध्ये किंवा जुन्या रेकॉर्डरमध्ये गरुडाची हाक नकळत पडलेली असू शकते, मागे कुठेतरी. कुणाकडे असेल तर कळवा. मूळ फाईल जशी आहे तशी द्या, गाळणी लावून "साफ" केलेली नको, व्हॉट्सॲपवरून आलेली तर अजिबात नको, त्यात वरचे स्वर छाटले जातात. सोबत बेट, महिना, वेळ आणि पक्षी उडत होता की बसलेला होता, एवढं लिहा.

खवचट_कावळा

माझ्या मेव्हण्याची मध्य निकोबारच्या कचाल बेटावर पोस्टिंग होती. पक्ष्यांचं त्याला काही पडलेलं नाही, पण समुद्राचे व्हिडिओ ढिगाने आहेत. विचारून बघतो. गरुड ओरडलेला निघाला तर लायफर माझा.

कपाटातली_पाखरं

मूळ व्हिडिओ मागा. आणि त्यावर गाणं चढवलेलं नसेल असा बघा.